हादगा म्हणून सांगितलेलं झाड

सायराचाचीच्या अर्ध्या एकरात काहीही पिकत नव्हतं. बावडा गावात हा चेष्टेचा विषय होता. चहूबाजूंनी ऊस. कालव्याचं पाणी बांधापर्यंत आलेलं. माती काळी, कसदार. आणि मधोमध ही बाई फुलझाडं लावून बसलेली.

"इकती का फुलं?" माणसं विचारायची.

"न्हाय."

"मग काय करती त्यांचं?"

"बघते."

एवढंच उत्तर.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बारामतीत माझं एम.ए. चालू होतं, विषय मराठी. मामाच्या मुलीची सुपारी फुटायची होती म्हणून मी बावड्याला आले होते. शेजारच्या रानातला ऊस नुकताच तुटला होता. त्यामुळे एरवी न दिसणारी बाग रस्त्यावरून दिसली. पुढंच एक उंच झाड. पान एक नाही, नुसती लाल फुलं. मी बांधावरून सरळ आत गेले. झाडाखाली पोतं अंथरून एक बाई उताणी पडली होती. मला वाटलं, चक्कर आली.

"मावशी, बरं नाही का?"

"बरी हाय. सावर बघती." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उभ्यानं बघू नगं. मान दुखती आन् झाड दिसत न्हाय. आडवी हो."

मी नव्या ड्रेससकट आडवी झाले. वर निळं आभाळ आणि त्यात जाड पाकळ्यांचे लाल पेले. साळुंक्या पेल्यात तोंड घालून रस पीत होत्या. एक फूल सुटलं आणि माझ्या कानाशेजारी धप्पकन पडलं.

"तुझ्या डोक्यात न्हाय मारलं," ती म्हणाली. "मंजी तू आवडलीस त्याला."

त्या दिवशी मामाकडची सुपारी माझ्याशिवाय फुटली.

तिचं पूर्ण नाव सायराबानू हारिस मुलाणी. वय साठीच्या आसपास. नवरा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. आठ वर्षांपूर्वी गेला. ती स्वतः इंदापूरजवळच्या एका नर्सरीत वीस वर्षं कामाला होती. पिशव्या भरायच्या, गुटी कलमं बांधायची, रोपांना पाणी द्यायचं. मालक वाकडी, अर्धमेली रोपं फेकून द्यायचा. ती घरी आणायची. जवळपास सगळी बाग त्या टाकलेल्या रोपांची होती. "सरळ झाडं मालकाची, वाकडी माझी," असं ती म्हणायची. तिच्याकडचा कांचन खरोखरच कंबरेत वाकलेला होता. फुलायचा मात्र असा की जांभळ्या फुलांखाली वाक दिसायचा नाही.

एम.ए. झाल्यावर मला बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात कामगारांच्या हजेरीचं काम मिळालं. साहित्याचा तिथं काही उपयोग नव्हता. रविवार मोकळा असायचा. मी सकाळची इंदापूर गाडी धरायचे आणि तिथून बावडा. मामाकडे तोंड दाखवायचं आणि बागेत यायचं.

चाचीनं वसंताच्या पाळ्या लावल्या होत्या. एका वेळी एकच झाड बघायचं. माघात सावर. मग फाल्गुनात पांगारा आणि पळस. त्यानंतर करंज. करंजाकडे कुणी बघत नाही म्हणून त्याला ती दोन दिवस जास्त द्यायची. चैत्रात कडुनिंब, त्याच्याखाली डोळे मिटून पडायचं, कारण ते झाड नाकानं बघायचं. मग शिरीष. वैशाखात बहावा. झुडपांना वेगळी वेळ होती. मोगरा आणि मदनबाण संध्याकाळी, कण्हेर आणि तगर सकाळी. एक नियम होता. फूल तोडायचं नाही. पडलेलं उचलायचं.

"आज कुणाची पाळी?" मी फाटकातूनच विचारायचे.

"हिला साठी लागली तरी हिची पाळी चुकंना," असं उत्तर यायचं जयवंतामावशीकडून. आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या.

जयवंतामावशीचं रान चाचीच्या बांधाला बांध लावून. घर चाळीस पावलांवर. बावीस वर्षांची मैत्री. चाचीच्या फाटकाची दुसरी किल्ली मावशीच्या कमरेला असायची. रोज दुपारी ती काहीतरी निवडायचं, फोडायचं काम घेऊन ओट्यावर येऊन बसायची. झाडाखाली मात्र कधी आडवी व्हायची नाही. "म्या काय म्हस हाय का लोळायला?" तिला फुलांमधलं काही कळत नाही असं ती सांगायची. पण शिरीष फुलला की पहिली हाक तीच मारायची.

बागेच्या मागच्या अंगाला बोगनवेलीचं दाट कुंपण होतं. माणसाच्या उंचीचं, काट्यांचं. आत पळस होते आणि दोन हादगे. बाहेरून फक्त शेंडे दिसायचे. फाल्गुनात शेंडे केशरी व्हायचे आणि मध्ये थोडं पांढरं दिसायचं. पांढरा तो हादगा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तुझा हादगा शिमग्यापतूर कसा काय फुलतो गं?" मावशी विचारायची.

"उशिरा फुलतो. माझ्यावानी."

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात चाचीनं काठीनं बोगनवेलीची एक फांदी उचलली आणि मला म्हणाली, "वाकून ये."

आत अकरा पळस होते. दहा पेटलेले. अकरावा पांढरा. पांढरा म्हणजे दुधासारखा नव्हे, ताकासारखा. फुलं तीच, पोपटाच्या चोचीसारखी. फक्त कुणी त्यातला रंग काढून घेतल्यासारखी. मी पुस्तकांत वसंतावर पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं मला तिथं काहीही आठवलं नाही. आम्ही आडव्या झालो. केशरी झाडांवर पाखरांचा गोंगाट होता. पांढऱ्यावर एकच शिंजीर होता, आणि तोही गप्प होता.

मग तिनं सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी हारिसचाचा नीरेच्या काठाला मोटार दुरुस्तीला गेले होते. तिथं बांधावर पांढरा पळस दिसला. खाली पडलेल्या अकरा शेंगा त्यांनी खिशात घालून आणल्या. दोन वर्षांनी पुन्हा तिथं गेले तर झाडाच्या जागी खड्डा. पांढऱ्या पळसाच्या मुळीनं जमिनीतलं धन सापडतं, कोर्टातली केस जिंकता येते, बाईची कूस उजवते, असं लोक मानतात. त्यामुळे असं झाड दिसलं की टिकत नाही. शेंगेत बी एकच. त्या अकरा बियांतली एकच पांढरी निघाली. तिला पहिली फुलं आली त्याला आता तेरा वर्षं झाली. त्याच दिवशी हारिसचाचांनी झाडासमोर दोन हादगे लावले. म्हणाले, "कुणी इचारलं तर हादगा सांग."

हादग्याचं आयुष्य थोडं. पाच-सहा वर्षांत झाड थकतं. मग चाची दुसरं लावायची. दरवर्षी हादग्याच्या फुलांना बेसन लावून भाजी करायची आणि एक वाटी बांधापलीकडे जयवंतामावशीकडे पाठवायची. खोटं बोलणारी माणसं मी पाहिली होती. खोटं लावून त्याला पाणी घालणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं.

"कुणाला सांगू नगं, नंदे."

"नाही सांगणार."

माझं नाव राजनंदिनी. नंदे म्हणणारी ती एकटीच.

यंदाच्या फाल्गुनातला एक रविवार. दुपार कलल्यावर चाची असरच्या नमाजाला घरात गेली होती. ओट्यावर मी आणि जयवंतामावशी चिंच फोडत बसलो होतो. मावशी बत्त्यानं फोडायची, मी चिंचोके काढायचे. कुंपणावरून शेंडे दिसत होते. मी सहज म्हणाले, "यंदा पांढऱ्या पळसाला फुलं कमी आहेत, नाही मावशी?"

बत्ता थांबला.

"कंच्या?"

"चाचीच्या. मागच्या."

बत्ता पुन्हा सुरू झाला. "व्हय. कमीच हायती." मग थोड्या वेळानं, "तुला दावला व्हय तिनं?"

"दोन वर्षांपूर्वी."

"बरं केलं."

अर्धी पाटी तशीच ठेवून ती उठली. उरलेली उद्या फोडीन म्हणाली.

मला काही खटकलं नाही. 'कुणाला' या शब्दाचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. कुणाला म्हणजे गावाला. जयवंतामावशी गाव नव्हती. जिच्या कमरेला फाटकाची किल्ली होती, तिला फाटकाच्या आतलं झाड माहीत नसेल हे माझ्या मनातच आलं नाही.

पुढच्या आठवड्यात चाचीच्या भाचीचं, नौशीनचं, बारामतीत लग्न होतं. चाची शनिवारी आली. मोगऱ्याला पाणी घाल, असं मावशीला सांगून आली. सोमवारी मी रजा टाकून तिला पोचवायला निघाले. गाडीत ती लग्नातल्या बिर्याणीबद्दल बोलत होती. मीठ कमी होतं म्हणाली.

फाटकाला कुलूप होतं. मोगऱ्याची आळी ओली होती. बोगनवेल एका जागी कोयत्यानं सपाट तोडलेली होती. बैलगाडी जाईल एवढी वाट.

पांढरा पळस उभा होता. बुंध्याशी गुडघाभर खड्डा. दोन जाड मुळ्या तोडून नेलेल्या. कमरेच्या उंचीपासून खाली सगळी साल सोललेली. आतलं लाकूड ओलं, उघडं. फुलं मातीत तुडवलेली. शेंड्यावरची अजून तशीच होती.

चाचीनं बुंध्याभोवती हात फिरवला. एक पूर्ण फेरी. मग म्हणाली, "पुरी काढलीया."

"जगेल ना?"

"एका अंगाला बोटभर साल ऱ्हायली असती तर जगवला असता. झाडाचं जेवण सालीतनं खाली जातं. आता मुळ्या उपाशी मरणार. शेंड्याला उशिरा कळंल."

हे ती नर्सरीतल्या नव्या बायकांना शिकवत असल्यासारखं बोलली. मग बांध ओलांडून चालू लागली. मी मागं.

जयवंतामावशी अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. आम्हाला पाहून तिचा हात थांबला नाही.

"कुलूप न तोडता कोण आलं गं, जयवंते?"

"म्याच आणली माणसं." कुरडईचं वेटोळं पूर्ण करून तिनं सोऱ्या खाली ठेवला. "देवरुषी आन् चार जण. मला बोटाएवढी मुळी पायजे हुती. त्यांनी खोरं घातलं. साल काढायला लागले. म्या नगं नगं म्हटलं. कुणी ऐकलं न्हाय."

"बोटाएवढी मुळी. मागायची हुतीस."

"मागितली की."

मावशी उभी राहिली. पिठाचे हात तिनं तसेच समोर धरले होते.

"तीन वर्सं मागती. तुझ्याच ओट्यावर बसून मागितली. सायरे, तुझ्या नर्सरीत कुणाला ठाव असंल, पांढरा पळस कुठं हाय, इचार की म्हणलं. काय म्हणालीस?"

चाची बाजेवरच्या कुरडया बघू लागली.

"सांग की ह्या पोरीला. काय म्हणालीस?"

"ठाव न्हाय म्हणाले."

"आन् कुणाला ठाव न्हाय म्हणालीस. माझ्या सुनंची तीन लेकरं पोटातच गेली. देवरुषानं मुळी सांगितली. म्या करमाळ्याला गेले, माळशिरसाला गेले, रानोमाळ हिंडले उन्हाची. परत आले तवा माझ्या पायाला तेल कुणी चोळलं? तूच चोळलंस. चोळताना तरी तोंड उघडायचं हुतंस."

"मुळीनं लेकरू जगत न्हाय, जयवंते. सुनंला बारामतीला डाक्टरनीकडं कुणी नेलं?"

"तूच नेलंस. म्या कुटं न्हाय म्हणती? पण मुळी खरी का खोटी, ते माझं मला बघू द्यायचं हुतंस. झाड माझ्या दारातनं दिसत हुतं, सायरे. चाळीस पावलं."

कोंबडी कुरडयांवर चढू बघत होती. मी तिला हाकललं.

मग चाचीनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"कोण सांगणार? तेरा वर्सं बघतीया. हादगा आन् पळस कळत न्हाय व्हय मला?"

मी बोलायला हवं होतं. मी कोंबडीकडे बघत राहिले.

चाचीनं उघड्या बुंध्याला शेणमातीचा लेप दिला. वर ओलं गोणपाट बांधलं. उपयोग नाही हे तिला माहीत होतं. खड्डा भरला. बोगनवेलीची वाट तशीच ठेवली. आता लपवायला काही नव्हतं. गावातली माणसं येऊन पांढरी फुलं बघून जायची. ज्यांनी तेरा वर्षं हादगा म्हटलं होतं, ते आता आम्हाला आधीच संशय होता असं सांगायचे.

चैत्र आला. दहा पळसांना पालवी फुटली. अकराव्यालाही फुटली. तीन-तीन पानं, कोवळी, तांबूस, इतरांसारखीच. मला आनंद झाला. चाची म्हणाली, "शेंड्याला अजून कळलं न्हाय." आणि त्या बाजूला पाठ करून बसली.

कडुनिंब फुलून गळून गेला. शिरीष फुलला. कुणी हाक मारली नाही. ती एकाही झाडाखाली आडवी झाली नाही. मी एकटीनं प्रयत्न केला. खडे टोचले. उठून बसले.

ती झाडाविषयी बोलत नव्हती. ती मावशीविषयी बोलायची, तेच तेच.

"तिला ठाव हुतं, नंदे. तेरा वर्सं ठाव हुतं. आन् तरी मला इचारत ऱ्हायली. खोटं बोलताना मी कशी दिसती, ते बघत हुती. ओट्यावर बसून माझा तमाशा बघत हुती. अशी बाई मी बावीस वर्सं घरात घेतली."

दर रविवारी तिचा राग थोडा वाढलेला असायचा. मावशीनं दिलेलं लोणचं तिनं बरणीसकट उकिरड्यावर टाकलं. मला ठाऊक होतं की यातलं काही खरं नाही. मावशीला काही ठाऊक नव्हतं. तिनं ते माझ्यासाठी म्हटलं होतं. मी तिची कोण होते? चिंचोके काढणारी.

मलाही राग होता. मावशीचा होता. त्याहून चाचीचा होता. बावीस वर्षांच्या मैत्रिणीला तिनं हादग्याची भाजी खाऊ घातली, आणि दोन वर्षांच्या ओळखीवर मला कुंपणाआड नेलं. मी त्याला विश्वास समजले होते. बारामतीला परतताना गाडीत मला उलगडलं. मला त्या झाडाकडून काही नको होतं. म्हणून मला दाखवणं सोपं होतं. ज्या बाईला त्याची मुळी हवी होती, तिच्यापासूनच ते लपवायचं होतं. माझ्या वाट्याला आला तो विश्वास नव्हता. ती सोय होती.

पण त्यामुळे माझी चूक कमी होत नव्हती.

वैशाखातल्या रविवारी मी सांगितलं. बहावा पूर्ण फुलला होता. आम्ही ओट्यावर होतो. ती मदनबाणाची वाळकी पानं खुडत होती.

"चाची, मावशीला मी सांगितलं. चिंच फोडताना. तिला माहीत असेल असं मला वाटलं."

ती खुडत राहिली. दोन पानं, तीन.

"तू सांगितलंस."

"हो."

"मंजी तिला ठाव नव्हतं."

"नव्हतं."

"करमाळ्याला गेली तवा?"

"नव्हतं."

"माळशिरसाला?"

"नाही, चाची."

"माझा शब्द खरा धरून गेली."

तिनं खुडलेली पानं आळ्यात टाकली. तोंडावर हात दाबून बराच वेळ बसली. रडली नाही. मग उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बांधाकडे चालू लागली. मी उठले तशी हातानं मला थांब म्हणाली.

चाळीस पावलांवरचं अंगण ओट्यावरून दिसत होतं. जयवंतामावशी दारात बसून काहीतरी पाखडत होती. चाची तिच्यासमोर उभी राहिली. ऐकू काही येत नव्हतं. सूप हलत होतं. एकदा थांबलं, पुन्हा हलू लागलं. पाच मिनिटंही झाली नसतील. चाची परत आली.

"सांगून आले," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं. पळस हाय म्हणून."

"मावशी काय म्हणाली?"

"म्हणाली, आता कशाला सांगतीस."

ती ओट्यावर बसली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती. ओळखीचीही दिसत नव्हती.

"तुमची गाडी किती वाजता हाय?"

चार वर्षांत तिनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आधी मला वाटलं, मागं कुणी उभं आहे.

"पाच वाजता," मी म्हणाले.

"मग निगा तुमी. चुकंल."

मी पिशवी उचलली. ती फाटकापर्यंत आली, पाहुण्यांना पोचवायला येतात तशी. मी बाहेर पडल्यावर तिनं फाटक लोटलं आणि आतून कडी घातली.